देवसुद्धा वरच्या देवळात जातो : महापुरातली श्रद्धा आणि माणसं

कृष्णाकाठची

मंडळी, ऑगस्ट २०१९ च्या महापुरावर फुटांचं आणि टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफूट पाण्याचं) भरपूर लिहून झालंय. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ५५ च्या पुढं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर तोडून टाकल्यासारखं झालं. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्या दिवसांत घराघरांत देवाशी काय बोलणं झालं, कोण कशाच्या भरवशावर थांबलं आणि कोण कशाच्या भरवशावर निघालं, हे फारसं कुठं लिहिलेलं दिसत नाही. ज्यांनी ते पाहिलं ती मोठी माणसं आता एकेक करून जायला लागलीत. म्हणून हा धागा.

सुरुवात मी करते. आमचं घर सांगलीत, घाटापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. २००५ च्या पुराचं पाणी जिथवर आलं होतं तिथं माझ्या सासऱ्यांनी चौकटीशेजारी लाल ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवली होती आणि शेजारी साल लिहिलं होतं. आमच्या गल्लीत अशी रेघ बऱ्याच घरांत होती. २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा सगळी गल्ली त्या रेघेकडं बघून सामान लावत होती. धान्याचे डबे रेघेच्या वर. गाद्या रेघेच्या वर. देव्हाराही एक हात वर, कपाटावर. "२००५ पेक्षा वर येत नाही," हे वाक्य त्या दोन दिवसांत मी इतक्या जणांकडून ऐकलं की ते मला स्तोत्रासारखं वाटायला लागलं.

सासूबाईंचं मात्र वेगळं होतं. पाणी पात्राबाहेर पडलं की त्या दरवर्षी कृष्णामाईची ओटी भरायच्या. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. त्या वर्षी घाटाच्या पायऱ्या केव्हाच गेल्या होत्या, रस्त्यावरच जिथं पाणी टेकलं होतं तिथं त्यांनी ओटी सोडली. घरी आल्या, हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "माईचा मान झाला. आता तिला वाट द्यायची. बॅगा भरा."

सासरे शिकलेले, हिशेबी माणूस. त्यांनी रेघ दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "ती रेघ तुम्ही मारलीय, तिनं नव्हे."

मुलांना घेऊन आम्ही विश्रामबागला दिरांकडं गेलो. सासरे शेजारच्या काकांबरोबर वरच्या मजल्यावर थांबले. रेघ रात्रीतच बुडाली. पुढं लष्कराच्या बोटीतून दोघांना काढलं. सगळे वाचलो, हे खरं. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलीय. ज्यांना आम्ही घरात भाबड्या म्हणायचो त्या सासूबाई वेळेवर निघाल्या, कारण नदी जिवंत आहे, तिला तिची मर्जी आहे, असं त्या मानत होत्या. आणि आकडा मानणारे सासरे अडकले, कारण त्यांनी एका जुन्या आकड्यावर श्रद्धा ठेवली होती.

तुमच्याकडं काय झालं? देव मानणारे, न मानणारे, सगळ्यांनी लिहा.

---

वाडीकर

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मी नृसिंहवाडीचा. आमच्याकडं पुराकडं बघायची नजर लहानपणापासून वेगळी असते, ती बाहेरच्यांना लवकर समजत नाही. इथं कृष्णा-पंचगंगेचा संगम. पाणी वाढत वाढत देवळात शिरतं, दत्त महाराजांच्या मनोहर पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या दारातून येणाऱ्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री गाड्या करून येतात. म्हणजे गावोगावी ज्या पाण्याची भीती, त्याची आम्ही वाट बघतो. पाणी आलं म्हणजे नदी महाराजांच्या पायाशी आली.

पण धाग्याच्या विषयाला धरून मला सांगायचंय ते पुढचं. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती देवळात ठेवत नाहीत. वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. तिथं पाणी यायला लागलं की आणखी वर. पूजा, नैवेद्य, आरती तिथं चालू. खाली पादुका पाण्यात, आणि वर धूपारती चाललीय. शतकानुशतकं हे असंच चालत आलंय. महाराज तारतील म्हणून मूर्ती तिथंच ठेवू, असं कुणी म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही.

२०१९ ला वाडीला सगळीकडून पाण्यानं वेढलं. आमच्या आजीनं घर सोडायला नकार दिला. तिचं वय, तिचा हट्ट. "महाराजांचं गाव आहे, मला काय होतंय." चुलते पाया पडले, मी ओरडलो, उपयोग नाही. शेवटी शेजारचे एक पुजारीकाका आले. ओल्या सोवळ्यातच होते. ते एवढंच म्हणाले, "आजी, महाराज वर गेले. तुम्ही खाली कुणाच्या भरवशावर बसताय?"

आजी उठली. पिशवीत जपमाळ आणि गुरुचरित्राची पोथी घातली आणि निघाली.

---

मिरज_अभियंता

धागा चांगला आहे, दोन्ही अनुभव मनाला भिडले. तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, आणि ती कुणाच्या श्रद्धेचा अपमान करण्यासाठी नाही.

८ ऑगस्ट २०१९. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ. कृष्णा आणि येरळेचा संगम. गावकऱ्यांना बाहेर काढताना माणसांनी भरलेली बोट उलटली. बायका, लहान मुलं गेली. त्या बोटीत बसताना कुणी हात जोडले नसतील? ज्यांच्या कडेवर मूल होतं त्यांनी कमी कळवळून देवाला हाक मारली असेल? म्हणून "देवानं वाचवलं" हे वाक्य मी वाचतो तेव्हा मला ब्रह्मनाळ आठवतं आणि बोलता येत नाही.

मी जलसंपदेच्या कामाशी संबंधित राहिलोय. पूर का येतो ते शोधता येतं. त्या वर्षी जुलैअखेर ते ऑगस्टचा पहिला आठवडा घाटमाथ्यावर जो पाऊस झाला तो नेहमीचा नव्हता. कोयना धरण १०५ टीएमसीचं. वारणा धरण भरलेलं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले. शिवाय धरणाच्या खाली जो मोकळा पाऊस पडतो तो कुठल्याच दरवाज्यानं अडत नाही. नदीकाठची पूरक्षेत्रं आपण बांधून काढली, ओढे बुजवले. नंतर नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल २०२० मध्ये आला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे, म्हणजे मागं साचत येणाऱ्या पाण्यामुळे, हा पूर आला, असं त्या समितीला दिसलं नाही. इथल्या अनेकांना ते पटलेलं नाही, तो वाद चालू राहील. पण वाद आकड्यांवर व्हावा.

माझं म्हणणं इतकंच : वाचलेल्यांनी आपण का वाचलो याचा शोध घेताना, न वाचलेल्यांवर नकळत ठपका ठेवू नये.

---

कृष्णाकाठची

अभियंता, तुमचा मुद्दा मी मनापासून मानते. ब्रह्मनाळचं नाव या धाग्यात यायलाच हवं होतं. "देवानं आम्हाला वाचवलं" असं सासूबाई एकदाही म्हणालेल्या नाहीत. ब्रह्मनाळची बातमी कळली त्या संध्याकाळी त्यांनी दिवा लावला आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. जेवल्या नाहीत. श्रद्धा असलेल्या माणसालाही तो प्रश्न पडतो. उत्तर त्यांच्याकडंही नव्हतं.

---

मळीवाला

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नाव घालत न्हाई. लई शिकलेला न्हाई, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची मळीची जमीन. गाळ येतो म्हणून तर ऊस पिकतोय. पूर काय आमाला नवा न्हाई. पण त्या सालचं पाणी चढलं ते थांबलंच न्हाई. बोट कवा येणार ठाऊक न्हाई. मग गुऱ्हाळाची काहील काढली. गूळ आटवायची ती मोठी कढई, गावाकडची माणसं जाणत्यात. ती पाण्यावर तरंगती. त्यात दोघं-तिघं म्हातारी माणसं बसवायची आणि पोहणाऱ्या पोरांनी चारी बाजूनं धरून न्यायची. आमच्या भावकीतली सगळी म्हातारी अशी भाईर काढली. काहील एका अंगाला कलली की संपलं, म्हणून मधी बसलेल्यांनी हलायचं न्हाई. आमच्या आत्तीनं डोळं झाकून विठ्ठल विठ्ठल चालू केलं ते माळाला लागेपर्यंत. माझा चुलतभाव, पाण्यात गळ्याइतका, तिला म्हणतोय, "आत्ती, थांबू नगं, तू म्हणतीयास तोवर मला दम र्‍हातोय."

अभियंता सायेब, इठ्ठलानं काहील धरली असं मी म्हणत न्हाई. भावानं धरली. पण भावाचा दम कशानं टिकला ते त्योच सांगतोय.

आता जनावरांचं. माणूस सुटला पर जनावराचं काय करायचं? माझ्या तीन म्हशी आणि एक खोंड. बोटीत जनावर घेत न्हाईत. दाव्याला बांधून ठेवलं तर उभ्या जागी बुडणार. सोडलं तर निदान पोहून कुठंतरी लागंल. आमच्या आईनं एकेकीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, पाया पडली आणि मग मी विळ्यानं दावी कापली. बेंदराला ज्यांची पूजा करतोय, पुरणपोळी चारतोय, त्यांचं दावं कापताना माणसाला काय वाटतं ते लिहिता येत न्हाई मला.

पाणी उतरल्यावर हुडकत फिरलो. खोंड गावला न्हाई. दोन म्हशी पल्याडच्या गावात माळावर मिळाल्या. त्या गावानं पुरातनं आलेली परक्या गावाची जनावरं एका जागी बांधलेली, ट्रॅक्टरनं वैरण आणून घातलेली. कुणाची जनावरं ते ठाऊक न्हाई, पैसं मिळणार न्हाईत, तरी धारा काढून दूध शिबिराला पाठवत होती. मी पैसं द्याया लागलो तर एक म्हातारा म्हणाला, "गोमातेचं कुणी पैसं घेतं व्हय?" मी म्हणलं, "आज्जा, ह्या म्हशी हाईत." तर म्हणाला, "मग म्हसोबाचं समज." रडू आलं बगा.

आणखी एक. नागपंचमी त्याच आठवड्यात होती. आमच्या माळवदावर आमी सात-आठ माणसं आणि एका कोपऱ्यात एक नाग. त्यो बी पाण्याला भ्यालेला. पोरं काठी हुडकाया लागली तर आईनं दटावलं. अख्खी रात आमी ह्या कडंला, त्यो त्या कडंला. सकाळी आमी बोटीत बसलो तवा त्यो तिथंच हुता.

---

वाडीकर

मळीवाला दादा, तुम्ही शिकलेले नाही असं पुन्हा लिहू नका. यापेक्षा चांगलं कोण लिहिणार आहे.

---

कुरुंदवाडची_लेक

माहेर कुरुंदवाड, आता मिरजेत असते. आमच्या गावाबद्दल बऱ्याच जणांना माहीत असेल, तिथं मशिदींमध्ये गणपती बसतात. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आला की पंजे आणि गणपती एकाच छताखाली. बाहेरच्या लोकांना याचं नवल वाटतं, आम्हाला त्यात वेगळं काही कधी वाटलं नाही.

२०१९ ला बकरी ईद १२ ऑगस्टला होती. पाणी तेव्हा कुठं उतरायला लागलं होतं. माहेरची माणसं शिबिरात, घर चिखलात. अब्बांनी कुर्बानीसाठी वर्षभर पैसे साठवलेले. माझ्या मनात होतं की आता हे कसं विचारायचं. त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "या साली ज्याची गरज आहे त्याला देऊ. अल्लाहला मांस पोचत नाही, नियत पोचते." कोल्हापूर-सांगलीकडं त्या ईदला खूप कुटुंबांनी कुर्बानीची रक्कम अशी पूरग्रस्तांना दिली. अब्बांनी ती दिली शेजारच्या गुरव कुटुंबाला. त्यांचं घर बसलं होतं.

ईदची नमाज शिबिराच्या शाळेच्या आवारात झाली. नव्या कपड्यांचा प्रश्नच नव्हता, वाटपात आलेले शर्ट होते, कुणाला मोठे, कुणाला लहान. नमाजीच्या वेळी शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या बायकांनी आपसूक पोरांना गप्प केलं. नंतर त्याच बायकांनी शिबिराच्या गॅसवर शेवयांची खीर केली, कारण अम्मीला रडू आवरत नव्हतं आणि खीर तिनं करायची ठरलेली.

माझ्या अम्मीचं मत या विषयावर वेगळं आहे, तेही सांगते. ती म्हणते की पुरात तिनं अल्लाहकडं वाचवायचं मागितलंच नाही. तिनं मागितलं होतं की माझ्या हातून कुणाला सोडून जायची वेळ येऊ देऊ नकोस. ती आणि शेजारीण दोघी मिळून एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना खुर्चीत बसवून जिन्यावरून वर नेत होत्या, तेव्हाची ही दुआ.

---

शाडूमाती

कोल्हापूर, शाहूपुरी कुंभार गल्ली.

आमच्यासाठी ऑगस्ट म्हणजे वर्षाचा जीव. २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. कारखान्यांत मूर्ती रांगेनं उभ्या, काहींचं रंगकाम झालेलं, काहींचे डोळे व्हायचे होते. पाणी शिरलं तेव्हा मोठ्या मूर्ती हलवणं माणसाच्या हातात नव्हतं. ज्या उचलता आल्या त्या पोटमाळ्यावर, टेबलावर, टेबलावर स्टूल ठेवून त्यावर. कच्च्या शाडूच्या मूर्तीला पाणी लागलं की ती खालून विरघळते. आधी आसन, मग पाय, मग सगळी मूर्ती बसते. ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

वस्तीत काही जण कुजबुजायला लागले की हा मोठा अपशकुन, गणपतीच बुडाले. माझ्या वडिलांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "प्राणप्रतिष्ठा झाली नव्हती. अजून माती होती ती. माती नदीतनं आली, नदीत गेली. अपशकुनाची भाषा करू नका, पोरं घाबरतात." वडील रोज अंघोळ करून, हात जोडून मग मातीला हात लावणारे. त्यांच्या तोंडून हे ऐकलं आणि आमचे पाय पुन्हा जमिनीला लागले.

पाणी उतरल्यावर चिखलात हात घालून त्यातली वापरता येईल ती माती वडिलांनी वेगळी काढली. वाळवली, कुटली, चाळली. नुकसान त्यानं भरून निघणार नव्हतं, कर्ज होतंच. पण चतुर्थीला आमच्या घरातली मूर्ती त्याच मातीची होती. त्या वर्षी कित्येक मंडळांनी मांडव साधे ठेवले, वर्गणीतला पैसा पूरग्रस्तांना दिला. मूर्ती लहान झाल्या. मला व्यवसाय म्हणून ते जड गेलं, माणूस म्हणून बरं वाटलं.

---

नाव_नको

सगळ्यांचं वाचलं. मीही लिहितो, पण माझा अनुभव असा गोड नाही.

आमचं घर मातीच्या भिंतींचं होतं. पुरात ते उभं राहिलं. पाणी उतरल्यावर कोसळलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : भिजलेल्या भिंतीला पाण्याचा आधार असतो, पाणी गेलं की ती आपल्या वजनानं बसते. पाणी उतरलं म्हणून लोक आनंदानं घरात शिरतात, तीच वेळ धोक्याची. वडील देव काढायला आत गेले होते. देव्हारा आतल्या खोलीत होता.

वडील गेले. देव सापडले, पितळी होते, त्यांना काही झालं नाही.

ते देव आता चुलत्यांकडं आहेत. मी हात जोडत नाही. मला कुणी समजावू नका, एवढीच विनंती. पण हा धागा वाचून कुणाच्या घरी उद्या पाणी आलंच, तर देव आधी बाहेर काढा किंवा कायमचे तिथंच सोडा. मधे परत जाऊ नका. वाडीकर, तुमच्याकडं मूर्ती आधीच वर नेतात हे वाचलं तेव्हा बराच वेळ फोन हातात धरून बसलो होतो.

---

वाडीकर

दादा, समजावणार नाही. वडिलांना नमस्कार.

---

मिरज_अभियंता

नाव_नको, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. भिंतींचं तुम्ही जे सांगितलंत ते प्रत्येक गावात दवंडी पिटून सांगायला हवं. पाणी चढताना सगळी यंत्रणा जागी असते, उतरताना सगळे घरी जायच्या घाईत असतात. मातीची आणि जुन्या दगड-मातीची घरं पूर ओसरल्यावर तपासून घेतल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.

---

शिबिरातली_ताई

मी शिक्षिका. आमच्या शाळेत शिबिर होतं, वर्गावर्गांत कुटुंबं. बाक एकमेकांना जोडून झोपायची सोय.

एक जैन आजी होत्या. चातुर्मास चालू. त्यांचा चौविहार, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. आता शिबिरात जेवणाची गाडी येणार केव्हा, तर रस्ता मिळेल तेव्हा. पहिल्या दिवशी गाडी रात्री आली. सगळे जेवले, आजी भिंतीला टेकून शांत बसलेल्या. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणूनच आमच्या लक्षात उशिरा आलं. मी म्हटलं, "आजी, आपत्ती आहे, देव समजून घेईल." त्या म्हणाल्या, "देव घेईल गं. पण घर गेलं, दागिने गेले, माझं म्हणून एवढंच उरलंय. तेवढं राहू दे."

यावर मी काय बोलणार? दुसऱ्या दिवसापासून आमच्या शाळेतल्या मावशी दुपारच्या जेवणातलं आजींचं ताट झाकून ठेवायच्या आणि दिवस मावळायच्या आत त्यांना वाढायच्या. कांदा-बटाटा वगळून वरण-भात वेगळा काढायच्या. मावशींचं स्वतःचं घरही पाण्यात होतं. नियमांच्या चौकटीत बसणारी सोय नव्हती ही, कुणी सांगितलीही नव्हती.

१५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी आली. बायकांनी साडीच्या काठाचे दोरे काढून राख्या केल्या आणि मदतीला आलेल्या जवानांना बांधल्या. त्यातला एक मुलगा अगदी कोवळा होता, केरळकडचा असावा, मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. आजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून णमोकार मंत्र म्हटला. तो हात जोडून पूर्ण होईपर्यंत वाकून उभा होता. कोण कुठला देव मानतो हा प्रश्न त्या आवारात कुणाला सुचला नाही.

---

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. आमचा पूर २२ जुलै २०२१ चा. तुमच्याकडं पाणी चढताना बघायला दिवस मिळाले, आमच्याकडं रात्रीत झालं. वरून पाऊस, समोरून भरती, वाशिष्ठीला जायला जागाच नाही. पहाटे जाग आली तेव्हा तळमजल्याचा जिना पाण्यात होता. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर इमारतीतली चार कुटुंबं जमली. लहान मुलं रडत होती. खाली बाजारपेठेतून सिलिंडर, फ्रिज, गाड्या वाहत एकमेकांवर आपटल्याचे आवाज येत होते, ते सगळ्यांत भयंकर होते. तेव्हा एका आजोबांनी रामरक्षा सुरू केली. मुलांना येत होती, शाळेत पाठ केलेली. झाली की पुन्हा पहिल्यापासून. आवाज वाढला की आजोबाही आवाज वाढवायचे. नंतर मी त्यांना विचारलं, तुम्हाला खात्री होती का? ते म्हणाले, "खात्री कसली. पोरांच्या कानात दुसरं काही जाऊ नये एवढंच होतं."

---

दूरदेशी_सांगलीकर

मी तेव्हा मस्कतमध्ये होतो, आईवडील सांगलीत. माझ्याकडं फक्त फोन. आणि फोनवर येत होतं काय, तर धरण फुटलं, अमुक पूल गेला, तमुक वाजता आणखी एवढं पाणी येणार. सगळं खोटं. गावाकडची माणसं आधीच जागी, त्यात या निरोपांनी लोक मध्यरात्री रस्त्यावर पळत सुटलेले.

आई शेवटच्या फोनवर म्हणाली, "चार्जिंग संपत आलंय. रोज संध्याकाळी सात वाजता मी दिवा लावीन, मेणबत्ती का होईना. तूही लाव. लागला म्हणजे आम्ही आहोत." मी देवधर्म फारसा करत नाही, पण सात वाजता, तिथल्या घड्याळानं साडेपाचला, खोलीत दिवा लावायचो. तिथले माझे खोलीभाऊ, एक मल्याळी आणि एक बांगलादेशी, तेही येऊन बसायचे. केरळवाल्यानं २०१८ चा त्यांच्याकडचा पूर पाहिलेला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

---

मळीवाला

सगळ्यांचं वाचून मन भरून आलं. अभियंता सायेब, एक इच्यारायचं हुतं. आमी गावाकडची माणसं. कवा निघायचं ते नेमकं कशावरनं वळखायचं? आमचा आज्जा नदीचा वास आणि फेस बघून सांगायचा. आता आज्जा न्हाई.

---

मिरज_अभियंता

दादा, आजोबांची नजर खरी होतीच. आता तिच्या जोडीला हे ठेवा.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. पण फक्त आपल्या पुलाचा आकडा बघू नका, वरचा बघा. कृष्णेसाठी कऱ्हाड, बहे, ताकारी, भिलवडी या क्रमानं पाणी खाली येतं. भिलवडीला चढतंय आणि सांगलीला अजून स्थिर आहे, तर तेवढा वेळ तुमच्या हातात आहे. शिरोळ तालुक्याला तर कृष्णा आणि पंचगंगा दोन्हीकडचं बघावं लागतं. शिवाय कोयना आणि वारणेतून किती विसर्ग सोडलाय आणि घाटात पाऊस चालू आहे का, हे रोज जाहीर होतं.

आणि जुनी रेघ. २००५ ला आयर्विनला ५३ फुटांच्या वर होतं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला ५५ च्या आसपास. कोल्हापुरात २०२१ ला ५६ ओलांडली, म्हणजे २०१९ च्याही पुढं. कुठलीही रेघ शेवटची नाही. ताई, तुमच्या सासूबाईंचं वाक्य मी आमच्या प्रशिक्षणात वापरलं तर चालेल का? नाव न घेता.

जनावरांसाठी वेगळं : धोका पातळीची वाट बघू नका. इशारा पातळी जवळ आली की दिवसाउजेडी, चालत, माळावर न्या. माणसाला बोट मिळते, म्हशीला मिळत नाही.

---

कृष्णाकाठची

जरूर वापरा. त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं."

२०२१ ला आमच्याकडं कुणी रेघेचं नावही काढलं नाही. भिलवडीचा आकडा वाढायला लागला तसं सासऱ्यांनी स्वतः देव्हारा उतरवला, देव तबकात घेतले आणि आम्ही निघालो. ओटी सासूबाईंनी गुडघाभर पाण्याच्याही अलीकडं, कोरड्या रस्त्यावरून पुढं वाकून सोडली. नाव_नको दादांनी लिहिलेलं मी त्या दोघांना वाचून दाखवलं आहे. आता आमच्याकडं देव आधी निघतात, मग कागदपत्रं, मग बाकीचं.

धागा बंद करत नाही. ब्रह्मनाळ, भिलवडी, औदुंबर, हरिपूर, प्रयाग चिखली, आंबेवाडीकडचं कुणी असेल तर लिहा. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना दरवेळी गाव सोडून सोनतळीला यावं लागतं, त्यांच्याकडून मला खूप ऐकायचंय. वाडीकर, तुमच्या आजीबद्दल पुढचं सांगायचं राहिलं, २०२१ ला त्या निघाल्या का?

---

वाडीकर

निघाली ताई. त्या वेळी कुणालाच बोलवावं लागलं नाही. मूर्ती हलवल्याचं कळल्या कळल्या पिशवी घेऊन दारात उभी होती आणि आम्हालाच उशीर केला म्हणून रागावली. गेल्या वर्षी ती वारली, उन्हाळ्यात, घरी, शांतपणे. पोथी माझ्याकडं आहे. तिच्या कव्हराच्या आत तिनं पेन्सिलीनं चुलत्यांचा फोन नंबर आणि रेशनकार्डाचा नंबर लिहून ठेवलाय.